वेळापत्रक नसलेलं भारनियमन

फेब्रुवारी 2021 मध्ये अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात थंडीनं जो हाहाकार उडवला, तो आपल्याकडच्या बातम्यांत चार दिवस झळकला आणि मागे पडला. ज्या घरांतली मुलं तेव्हा तिथं शिकत होती, त्या घरांत मात्र हा विषय अजून निघतो. आमच्याकडे तर निघतोच. माझा थोरला भाऊ वीज मंडळात अभियंता म्हणून लागला आणि महावितरणमधून निवृत्त झाला. माझ्या बहिणीची मुलगी त्या हिवाळ्यात ऑस्टिन शहरात सिव्हिल इंजिनिअरिंगचं एम.एस. करत होती. मामा-भाचीचं एकमेकांवाचून पान हलत नाही, पण या एका विषयावर त्यांचं जुळत नाही. दोघांना समोरासमोर बसवून मी त्यांचं बोलणं टिपून घेतलं, ते इथं देते आहे. मधे मधे जे माझं आहे ते माझ्या जबाबदारीवर.

मामा : सुरुवातीलाच एक विचारतो. 15 फेब्रुवारीच्या मध्यरात्रीनंतर तिथल्या नियंत्रण कक्षातल्या माणसांनी वीज तोडली, म्हणून टेक्सास वाचलं. हे तुला मान्य आहे का?

भाची : मान्य आहे, मामा. वीज तोडली ही माझी तक्रार नाहीच.

मामा : तरी मला ते सांगू दे, कारण लोक सरसकट ‘वीज गेली’ म्हणतात. अमेरिकेत वीज 60 हर्ट्‌झवर चालते, आपल्याकडे 50. मागणी चढली आणि निर्मिती पडली की ही फ्रीक्वेन्सी खाली घसरते. त्या रात्री थंडीनं एकामागून एक केंद्रं बंद पडत होती. गॅसवरची सगळ्यांत जास्त, पण पवनचक्क्याही, कोळशाचीही. पहाटे तर एक अणुभट्टीसुद्धा ट्रिप झाली. ग्रिड चालवणारी तिथली संस्था एर्कॉट. तिनं रात्री 1 वाजून 20 मिनिटांनी पहिल्यांदा लोड कमी करायला सांगितलं. त्यानंतर अर्ध्या तासाच्या आसपास फ्रीक्वेन्सी 59.4 च्या खाली गेली. तिथं ती सलग नऊ मिनिटं राहिली असती, तर उरलेले संच स्वतःला वाचवण्यासाठी आपोआप सुटे झाले असते. ती खाली होती 4 मिनिटं 23 सेकंद. म्हणजे हातात उरली होती 4 मिनिटं 37 सेकंद! मी आयुष्यभर हेच काम केलं. तेवढ्या वेळात निर्णय घेणं म्हणजे काय, ते मला ठाऊक आहे.

भाची : आणि ग्रिड पडलं असतं तर?

मामा : 30 आणि 31 जुलै 2012 आठवतात ना? लागोपाठ दोन दिवस आपलं उत्तरेकडचं ग्रिड कोसळलं. दुसऱ्या दिवशी तर साठ कोटींहून जास्त लोक अंधारात गेले. पण आपलं पश्चिमेचं ग्रिड शाबूत होतं, भूतानची जलविद्युत होती, तिथून वीज देऊन बंद पडलेली केंद्रं उठवता आली. टेक्सासला असा शेजारच नाही. त्यांनी आपलं ग्रिड मुद्दाम वेगळं ठेवलंय, केंद्र सरकारची नियमावली लागू होऊ नये म्हणून. शेजारच्या ग्रिडांशी जोडणाऱ्या तारा मोजक्याच. पूर्ण अंधार झाला असता तर तुम्ही आठवडेच्या आठवडे बसला असता.

भाची : हे सगळं मला नंतर कळलं. त्या रात्री आम्हाला इतकंच कळलं की दोननंतर कधीतरी हीटरचा आवाज थांबला आणि मी जागी झाले. आळीपाळीनं वीज बंद राहील असा निरोप फोनवर आला होता. आळीपाळीनं म्हटल्यावर आम्ही काय समजणार? तासाभरात येईल. एका घरात राहणाऱ्या आम्ही तिघी मैत्रिणी अंथरुणातच पडून राहिलो. फोनमधली बॅटरी वाचवायचीही कुणाला गरज वाटली नाही. उजाडलं तेव्हा घरात बोलताना तोंडातून वाफ निघत होती. त्यानंतर वीज आली ती दोन-अडीच दिवसांनी.

मामा : अगं, पण लोडशेडिंग तुझ्या ओळखीचं नव्हतं का? तुझं बालपण त्यातच गेलं. तुझ्या आजोळी बारा-बारा तास वीज नसायची. आपली मुलं काटक असतात. दोन दिवस वीज नाही म्हणून पाचावर धारण बसायची गोष्ट आहे का ती?

भाची : मामा, आजोळी वेळापत्रक असायचं. पेपरात छापून यायचं, तुम्हीच ते काढायचात! सकाळी सहा ते दहा नाही, संध्याकाळी अमुक ते तमुक नाही. आजी त्या आधी पाणी भरून ठेवायची, दळण आणून ठेवायची. आमच्याकडे ‘आता येईल’ एवढंच होतं. ज्याला कधी येणार ते माहीत नाही, त्यानं काय वाचवायचं आणि काय वापरायचं?

इथं दादा बराच वेळ बोलला नाही. भारनियमनाची पत्रकं त्यानं स्वतः तयार केली आहेत, आणि ती पाळली गेली नाहीत की सबस्टेशनवर येणारे मोर्चेही त्यानंच झेललेत.

मामा : आळीपाळी का जमली नाही ते सांगतो. एकूण 20,000 मेगावॅट लोड उतरवावा लागला. हॉस्पिटल, पाण्याचे पंप, फायर ब्रिगेड ज्या फीडरवर, म्हणजे वीजवाहिन्यांवर, आहेत ते बंद करता येत नाहीत. काही फीडर फ्रीक्वेन्सी आणखी पडली तर आपोआप तुटावेत म्हणून राखून ठेवलेले असतात, त्यांना हात लावता येत नाही. मग उरले ते सगळेच तोडावे लागले. फिरवायला दुसरा फीडरच शिल्लक नाही. तुम्ही त्या उरलेल्यांत होता, बाळ.

भाची : आणि समोर शहराच्या मध्यावरच्या उंच इमारती झगमगत होत्या. कोविडमुळे तिथली कार्यालयं तशीही रिकामी होती.

मामा : त्या भागाचं वितरण एकत्र बांधलेलं असणार. तिथलं हॉस्पिटल चालू ठेवायचं तर ऑफिसंही चालू राहतात. दिवे बंद करणं हे त्या इमारतवाल्यांचं काम होतं.

भाची : म्हणजे तांत्रिक कारण आहे. असेल. पण ज्या भागात हॉस्पिटल नाही, मोठं कार्यालय नाही, फक्त भाड्याची घरं आहेत, तो भाग आधी अंधारात जाणार हे आधीपासूनच ठरलेलं होतं ना? मग त्या भागात राहणाऱ्याला ते कुणी सांगितलं होतं?

भाचीचा हा प्रश्न मला रास्त वाटतो. विद्यार्थी स्वस्त घर शोधतो, आणि घर स्वस्त का आहे याची कारणं भाडेकरारात लिहिलेली नसतात.

मामा : ठीक आहे. पण उणे तेरा-चौदा अंश म्हणजे काही जगबुडी नाही. मिनेसोटात लोक त्याहून वाईट थंडीत कामाला जातात. आपले जवान सियाचीनला उभे असतात.

भाची : मिनेसोटातलं घर त्या थंडीसाठी बांधलेलं असतं. मी सिव्हिलची आहे, मला हे डोळ्यांनी दिसत होतं. ऑस्टिनची घरं उन्हाळ्यासाठी बांधतात. आमच्या भिंती पातळ, खिडक्यांना एकेरी काच, पाण्याच्या नळ्या बाहेरच्या भिंतीतून नाहीतर छताच्या पोकळीतून गेलेल्या. घर तापवणं विजेवर, शेगडीही विजेवर. वीज गेली की घराचे चारही खांब एकदम निखळतात. त्यात सहा इंचांहून जास्त बर्फ आणि जवळपास सहा दिवस पारा शून्याच्या वर आलाच नाही. ऑस्टिनमध्ये हे कुणाच्या ध्यानीमनी नसतं. मीठ टाकायच्या, बर्फ ओढायच्या गाड्या त्या शहराकडे नावापुरत्याच. बस बंद, दुकानं बंद. आमच्याकडे गाडी नव्हती, आणि असती तरी त्या रस्त्यावर चालवायला येत नव्हती. त्याच आठवड्यात, 11 तारखेला, फोर्ट वर्थला घसरड्या महामार्गावर 133 गाड्या एकमेकींवर आदळून सहा माणसं गेली होती.

मामा : खाल्लंत काय?

भाची : आईनं पाठवलेला चिवडा, खाकरे, ब्रेड आणि शेंगदाण्याचं बटर. डाळ-तांदूळ डब्यात भरलेले होते, कुकर होता, पण शिजवायचं कशावर? सगळ्यांत वाईट पुढं होतं. 17 तारखेला शहरानं सांगितलं, पाण्याचा दाब गेलाय, पाणी उकळल्याशिवाय पिऊ नका. वीज नाही, गॅस नाही आणि पाणी उकळून प्या! मग नळच कोरडा पडला. आम्ही बादली घेऊन अंगणातला बर्फ भरून आणायचो, संडासात ओतण्यासाठी. बर्फ गच्च दाबून बादली भरली तरी वितळल्यावर तळाशी चार बोटं पाणी. थंड घरात तो वितळतही नाही. एका खेपेला पुरेल एवढं पाणी व्हायला अर्धा दिवस जायचा.

मामा : याच वेळी मला तुझा फोन आला होता. मी म्हटलं होतं, काहीतरी पेटवा, शेकोटी करा.

भाची : हो. आणि आमच्या सोसायटीच्या अंगणात कोळशाची बार्बेक्यूची शेगडी होतीही. माझी मैत्रीण ती आत आणायला निघाली होती. मामा, आजोळी पडवीत शेकोटी करतात, कौलांतून धूर जातो, दाराला फटी असतात. आमच्या घराच्या फटी तर आम्ही टॉवेल कोंबून बंद केल्या होत्या. तिथं कोळसा पेटवला असता तर कार्बन मोनॉक्साइड साठला असता. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, झोप येते, आणि झोपलेला माणूस पुन्हा उठत नाही. त्या आठवड्यात टेक्सासमध्ये असंच घडलं. कुणी शेगडी घरात आणली, कुणी गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवून आत ऊब घेतली. माणसं मेली, शेकडो दवाखान्यात गेली.

मामा : तुम्हाला अडवलं कोणी?

भाची : खालच्या मजल्यावरच्या आजीनं. मेक्सिकन होत्या, पंचवीस-तीस वर्षं त्या शहरात काढलेल्या. त्यांनी जिन्यातच शेगडी धरून ठेवली. नळ थेंब थेंब सोडून ठेवायचा, सिंकखालच्या कपाटाची दारं उघडी ठेवायची, पाणी चालू आहे तोवर बाथटब भरून घ्यायचा, हे सगळं त्यांनीच सांगितलं. बाथटबचं आम्हाला उशिरा कळलं. त्यांचा मुलगा बाहेर पार्किंगमध्ये कॅम्पिंगच्या छोट्या स्टोव्हवर पाणी उकळायचा आणि मजल्यावरच्या सगळ्यांच्या थर्मासमध्ये भरायचा. त्या दोन-तीन दिवसांत आम्ही जगलो ते काटकपणावर नाही. एका बाईंना माहीत होतं आणि त्यांनी येऊन दार ठोठावलं, त्यावर जगलो. मग आम्ही तिघी एकाच खोलीत, एका गादीवर, माझ्या आजोळच्या आजीच्या दोन गोधड्या वर घेऊन झोपलो.

मामा : मी शेकोटी म्हटलं ते तुझ्या काळजीनं म्हटलं.

भाची : मला माहीत आहे, मामा. म्हणूनच सांगतेय. घरची काळजी फोनवरून पोचते, घरचा उपाय तिथं लागू पडेलच असं नाही.

या ठिकाणी मला माझं मत द्यायचं आहे. आपण आपल्या मुलांच्या सोशिकपणाचा फार अभिमान बाळगतो. परदेशी निघालेल्या मुलाला ‘जुळवून घे, कुरकुर करू नको’ हा आशीर्वादच असतो. टेक्सास राज्यानं त्या वादळाचे 246 मृत्यू अधिकृतपणे नोंदवले, त्यांतले बहुतेक थंडीनं शरीर गारठून झाले. त्यांतली कितीतरी माणसं गप्प बसून सोसत असतील. सोसणारा माणूस शेजाऱ्याला हाक मारत नाही, हे मला भाचीच्या बोलण्यातून पहिल्यांदा इतकं स्पष्ट दिसलं.

मामा : मग तुझं म्हणणं काय, विद्यापीठानं तुम्हाला आंघोळ घालायची? पंचवीस वर्षांची मुलगी, परक्या राज्यात राहायला जातेस, तिथं हवा कशी, घर कसं, हे आधी वाचून जायला नको? तहान लागल्यावर विहीर खणायची का?

भाची : वाचलं होतं. सगळीकडे उन्हाळ्याचंच लिहिलेलं होतं. चाळीस अंश, पाणी पीत राहा, टोपी घाला. विद्यापीठानं पहिल्या आठवड्यात व्हिसाचे नियम, परीक्षेतली कॉपी, बँक खातं, सगळं समजावलं. घराबद्दल एक ओळ नाही. वादळाच्या आठवड्यात तास रद्द झाल्याची मेल मात्र वेळेवर आली. आणि मामा, तास रद्द म्हणजे कॅम्पसवरचं कामही रद्द. आमच्या व्हिसावर आठवड्याला वीसच तास काम करता येतं, तेही कॅम्पसवरच. तासावर पगार असतो. तो आठवडा गेला तो गेला. भाडं मात्र पूर्ण भरलं.

मामा : सरकारनं मदत जाहीर केली होती ना?

भाची : राष्ट्राध्यक्षांनी आपत्ती जाहीर केली. पण फेमा या केंद्रीय आपत्ती संस्थेची रोख मदत तिथल्या नागरिकांना आणि कायमच्या वास्तव्याचा हक्क असलेल्यांना असते. विद्यार्थी व्हिसावाल्याला निवारा मिळतो, पाणी-ब्लँकेट मिळतं, रोख रक्कम मिळत नाही. माझ्या मैत्रिणीच्या खोलीत छतातली नळी फुटली, लॅपटॉप, पुस्तकं, गादी, सगळं भिजलं. घरमालकाचा विमा इमारतीचा असतो, आतल्या सामानाचा नसतो. भाडेकरूचा वेगळा विमा महिन्याला थोड्या डॉलरांत मिळतो, पण तो कशासाठी घ्यायचा हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिला वाटलं, पैसे काढायचा धंदा आहे.

मामा : विमा घ्यायला हवा होता. यात मी माघार घेणार नाही. दहा-पंधरा डॉलर वाचवायला गेलात.

भाची : घ्यायला हवा होता. मीही आता सगळ्यांना तेच सांगते.

मामा : आणि एक. आपण मघापासून सगळं त्या रात्रीबद्दल आणि त्यानंतरच्या दिवसांबद्दल बोलतोय. माझा राग त्या रात्रीवर नाही, आधीच्या दहा वर्षांवर आहे. फेब्रुवारी 2011 मध्ये टेक्सासमध्ये असंच झालं होतं. थंडीनं केंद्रं गोठली, आळीपाळीनं वीज तोडावी लागली. त्यावर केंद्रीय नियामकांनी चौकशी करून लिहून दिलं होतं, नळ्यांना आवरण घाला, मोजमापाच्या उपकरणांना हीटर लावा, गॅसच्या विहिरी थंडीसाठी तयार करा. पण सक्ती केली नाही. ज्यांना वीज विकून त्या त्या दिवशी पैसे मिळतात, ते दहा वर्षांतून एकदा येणाऱ्या थंडीसाठी खर्च कशाला करतील? आणि सगळ्यांत मोठा गोंधळ ऐक. गॅसच्या काही पंपिंग केंद्रांची नोंद ‘अत्यावश्यक’ म्हणून केलेलीच नव्हती. वीज तोडली तेव्हा त्यांचीही तोडली. त्यांची वीज गेली म्हणून गॅस पोचला नाही, आणि गॅस नाही म्हणून वीज आणखी घटली. माझ्या विभागात असं झालं असतं तर मला घरी बसवलं असतं, आणि बरोबर केलं असतं.

भाची : एल पासो शहरात तसं झालं नाही म्हणतात.

मामा : नाहीच झालं. ते टेक्सासमध्येच आहे, पण ग्रिड पश्चिमेकडचं. आणि 2011 नंतर त्यांनी पैसे खर्च करून केंद्रं थंडीसाठी तयार केली होती. त्यांच्याकडे त्या आठवड्यात फार थोड्या लोकांची वीज गेली, तीही थोडाच वेळ. थंडी तीच, राज्य तेच. म्हणून कुणी ‘निसर्गापुढे इलाज नाही’ म्हटलं की मला चीड येते.

भाची : मग आपण भांडतोय कशावर, मामा?

मामा : तू म्हणतेस सांगायला हवं होतं. मी म्हणतो विचारायला हवं होतं. एवढंच.

भाची : नव्या माणसाला काय विचारायचं तेच माहीत नसतं. पाणी गोठून नळी फुटते, हे सातारा जिल्ह्यात वाढलेल्या मुलीच्या डोक्यात कसं येणार? ज्याला माहीत आहे, त्यानं आधी बोलायला हवं. विद्यापीठानं बोलायला हवं, घरमालकानं बोलायला हवं, आणि आमच्या आधी तिथं गेलेल्या आपल्याच मुलांनीही. ते तर आम्हाला फक्त किराणा कुठं स्वस्त मिळतो ते सांगायचे.

मामा : आता तरी सुधारलंय ना? जून 2021 मध्ये कायदा झाला, केंद्रांना थंडीची तयारी सक्तीची केली. डिसेंबर 2022 च्या कडाक्यात ग्रिड टिकलं, लोड तोडावा लागला नाही.

भाची : ग्रिड टिकलं. पण 2023 च्या फेब्रुवारीच्या सुरुवातीला ऑस्टिनमध्ये पडता पडता गोठणारा पाऊस झाला. झाडांवर बर्फाचा थर चढला, फांद्या मोडून तारांवर पडल्या आणि दीड लाखाहून जास्त ग्राहकांची वीज गेली. काहींची आठवडाभर. तेव्हा माझ्या मागून आलेली मुलं तिथं होती. या वेळी आम्ही जुन्यांनी आधीच फोन करून सांगितलं होतं, टब भरा, फोन चार्ज करा, कोळसा आत आणू नका. कुणाला काही झालं नाही.

मामा : मग हे काम चालू ठेव.

दादाचा अभियंता म्हणून असलेला मुद्दा मला पटतो. त्या रात्री वीज तोडणाऱ्यांना दोष देणं चूक आहे. पण विद्यार्थ्याच्या बाबतीत माझं मत पूर्णपणे भाचीच्या बाजूनं आहे. माहिती असणारा गप्प राहिला तर नवख्यानं विचारलं नाही हा त्याचा गुन्हा ठरत नाही.

तुमच्या घरातलं कुणी परदेशी शिकायला निघालं असेल, तर लोणच्याच्या बरणीसोबत त्याच्या घराचीही चौकशी करा. घर कशावर तापतं, विजेवर की गॅसवर? वीज गेली तर अन्न शिजेल का? पाण्याची मुख्य तोटी कुठं आहे आणि ती बंद कशी करायची? कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवलेला आहे का? भाडेकरूचा विमा घेतला का? जवळचं उबदार आश्रयाचं ठिकाण कुठलं, आणि तिथं गाडीशिवाय कसं पोचायचं? शेजारच्या दोन घरांतल्या माणसांची नावं त्याला माहीत आहेत का? गाव उष्ण असलं तरी विचारा. टेक्सास उष्णच आहे. आणि तुमचं मूल तिथं आधीच असेल, तर या हिवाळ्याआधी त्याला त्याच्या इमारतीत नव्यानं राहायला आलेल्यांची दारं ठोठावायला सांगा.